ओढाळ नालकुंतल

घरातील यंत्रांच्या उतरंडीत मोटारीला जो मान मिळतो तो सोलेनॉइडच्या वाट्याला येत नाही, आणि ते एका अर्थी न्याय्यच आहे. कारण मोटार तासन्तास गरगरते, तर सोलेनॉइडला उभ्या आयुष्यात एकच काम येते, ते म्हणजे लोखंडाचा दांडा आत ओढणे. वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, गाडीचा स्टार्टर आणि दारावरची डिंग-डाँग बेल यांचा संसार मात्र ह्या एकाच कामावर चालतो.

शालेय पुस्तकांत नालकुंतल म्हणून भेटणारी ही वस्तू म्हणजे पोकळ नळीवर शेजारी-शेजारी वेढे देऊन गुंडाळलेली, इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार होय. तारेतून वीज वाहताच चुंबकसूची हलते, हे ओरस्टेड यांनी 1820 मध्ये दाखवले. पाठोपाठ अँपिअर यांनी तारेच्या वेटोळ्यांचा अभ्यास केला, आणि 1825 मध्ये विल्यम स्टर्जन यांनी नालेच्या आकाराच्या लोखंडावर तार गुंडाळून, जेमतेम 200 ग्रॅमच्या त्या तुकड्याकडून सुमारे 4 किलो वजन उचलवून घेतले. एकेका वेढ्याचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असले, तरी नळीच्या आत साऱ्यांची दिशा एकच असल्याने त्यांची बेरीज होते, आणि 10 सेंटिमीटरच्या बारीक नळीवरील 1,000 वेढ्यांतून 1 अँपिअर धारा सोडली, तर आतील क्षेत्र महाराष्ट्रातील भूचुंबकीय क्षेत्राच्या साधारण 300 पट भरते. चुंबकीय रेषांना हवेपेक्षा लोखंडातून जाणे फार सोयीचे असल्यामुळे दांडा आत ओढला जाऊन मधली फट बुजवतो; त्याच रेषांच्या परतीच्या वाटेसाठी गुंडाळीभोवती लोखंडी चौकट बसवलेली असते.

सोलेनॉइडचा खरा स्वभाव ह्या फटीत दिसतो. ढोबळमानाने फट निम्मी झाली की ओढ चौपट होते. म्हणजे दांडा दूर असताना, जेव्हा जोराची खरी गरज असते, तेव्हा हे यंत्र मलूल असते, आणि दांडा पोचत आला की पंगती उठल्यावर कंबर कसून वाढायला येणाऱ्या पाहुण्यासारखे सर्व बळ एकवटते. दांड्याचे टोक शंकूसारखे करून ही खोड थोडीफार मोडता येते, पण पुरती जात नाही.

मग वेढेच वाढवावेत, असे कोणालाही वाटेल. ओढ ठरते ती वेढ्यांची संख्या आणि धारा यांच्या गुणाकारावर, ज्याला अँपिअर-वेढे म्हणतात. परंतु तीच तार आणि तीच बॅटरी ठेवून वेढे दुप्पट केले, तर तारेची लांबी व तिचा रोध दुपटीच्या घरात जातो, धारा निम्म्यावर येते आणि गुणाकार जिथल्या तिथे राहतो. उष्णता निम्मी होते हा लाभ खरा, पण तांब्याचे बिल दुप्पट येते. जाड तार घेतली तर ओढ वाढते, पण गुंडाळी तापते, आणि तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के वाढत असल्याने कमावलेली ओढ पुन्हा गळू लागते.

एसी पुरवठ्यावर आणखी एक भानगड असते. दांडा पूर्ण आत गेला की गुंडाळी धारेच्या बदलाला अधिक विरोध करते आणि धारा आपोआप आवरते. तो अर्ध्यावर अडकला तर धारा चढीच राहते, आणि मेकॅनिक ‘कॉइल जळाली’ एवढाच निकाल देतो. शिवाय 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात ओढ सेकंदाला 100 वेळा शून्यावर येत असल्याने दांडा गुरगुरतो, ज्यावर ध्रुवाच्या तोंडाशी तांब्याचे छोटे कडे बसवणे हा उपाय आहे, कारण त्यामुळे क्षेत्राचा काही भाग मागे रेंगाळून ओढ पूर्ण सुटू देत नाही.

डिंग-डाँग बेलमध्ये बटण दाबताच दांडा एका पट्टीवर आपटून ‘डिंग’ होते, आणि बोट काढल्यावर स्प्रिंग त्याला दुसऱ्या पट्टीवर फेकते तेव्हाच ‘डाँग’ होते. तेव्हा बटण दाबून धरणाऱ्या उतावळ्या पाहुण्यांनी कृपया बोट काढावे. गुंडाळी तापते, आणि अर्धीच बेल वाजते.