कुतचे मराठे आणि भिलाईची भट्टी

भिलाईत अरबांची आठवण दोनच वेळा निघते. पेट्रोल महागतं तेव्हा, आणि सेक्टरमधला एखादा मुलगा वेल्डर किंवा फिटर म्हणून मस्कतला निघतो तेव्हा. पहिल्या वेळी शिव्या, दुसऱ्या वेळी पेढे. एवढ्या भांडवलावर आपण गाझापासून बगदादपर्यंत सगळ्यांचा निकाल लावून टाकतो: ‘ते लोक भांडतच राहणार.’ टपरीवर कुणी असं म्हटलं तर सोडून द्यावं. पण चांगली शिकलेली, मुलांना घडवणारी माणसं हेच बोलतात तेव्हा राग येतो. या आळसाला आता माफी नाही, कारण वाचायला उत्तम पुस्तकं आहेत.

युजीन रोगन ऑक्सफर्डला आधुनिक मध्यपूर्वेचा इतिहास शिकवतात. लहानपणाचा काही काळ बैरूत आणि कैरोत गेला. त्यांचं ‘द अरब्स’ २००९ साली आलं. तुर्कांनी १५१६ साली इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुकांना हरवलं तिथून ते सुरू होतं आणि पाच शतकं ओलांडून आपल्या काळापर्यंत येतं. अरबांचा इतिहास अरबांच्या तोंडून सांगायचा, हा रोगन यांचा हट्ट. अठराव्या शतकातलं दमास्कस दाखवायला ते राजदूतांचे खलिते पुढे करत नाहीत, अल्-बुदैरी नावाच्या एका न्हाव्याची रोजनिशी उघडतात. महागाई, शिपायांची दांडगाई, अंमलदारांचा हावरटपणा, सगळं त्या न्हाव्याने टिपून ठेवलंय. ते वाचल्यावर ‘ते लोक’ हे शब्द जिभेवर येईनात असं होतं.

भिलाईकराने या पुस्तकातला नासरचा काळ तर दोनदा वाचावा. आपल्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. त्याच सुमारास इजिप्तचा नासर नाईलवर अस्वानला मोठं धरण बांधायला पैसे शोधत होता. अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक पैसे द्यायला तयार झाले, मग १९ जुलै १९५६ ला अमेरिकेने हात झटकले. तेव्हा नासर आणि नेहरू युगोस्लाव्हियातल्या ब्रिओनीची बैठक आटोपून एकाच विमानाने कैरोला चालले होते. बातमी त्या प्रवासातच पोचली. आठवडाभरात, २६ जुलैला, नासरने सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. ऑक्टोबरअखेर इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्स त्याच्यावर तुटून पडले. शेवटी १९५८ च्या डिसेंबरात धरणासाठी सोव्हिएत कर्ज ठरलं. पुढच्याच फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांनी आपली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली.

आपल्याला भिलाईला रशियन, रुरकेल्याला जर्मन आणि दुर्गापूरला इंग्रज मिळाले. तिघांकडून घेतलं आणि कुणी बॉम्ब टाकले नाहीत. इजिप्तने अशाच दारांवर टकटक केली आणि त्याच्यावर युद्ध आलं. ज्यांचे वडील रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली काम शिकले, त्यांना अस्वानच्या मजुराची गोष्ट कळायला वेगळी तयारी लागत नाही. पुस्तक हातात पडलं की झालं.

रोगन यांचं दुसरं पुस्तक, ‘द फॉल ऑफ द ऑटोमन्स’, २०१५ चं. त्यांच्या कुटुंबातला एक तरुण सैनिक १९१५ साली गॅलिपोलीत पडला होता. रोगन त्याच्या शोधात तिथे गेले तेव्हा ध्यानात आलं की समोरच्या खंदकातले तुर्क किती मेले, याचा विचार घरात कुणी कधी केलाच नव्हता. म्हणून हे पुस्तक खंदकाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलंय.

आणि त्यात आपण आहोत. कुत-अल-अमारा हे तेव्हाच्या मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकातलं, तैग्रिस नदीच्या वळणातलं गाव. इंग्रज जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. या डिव्हिजनचं नाव पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापायची वेळ आली, धर्मामुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांतली बहुसंख्य हिंदी. मग वाळवंटातून उपाशीपोटी पायपीट आणि रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या रुळांवर बिगारी. 

बंगाली वाचकाकडे या कैदेवर शिशिर सर्वाधिकारींनी लिहिलेलं ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक आहे. बंगालहून तिथे रुग्णसेवेचं एक छोटं पथक गेलं होतं. आपल्या तर अख्ख्या पलटणी होत्या.

मेलेल्या शिपायांचं इंग्रजांनी पुढे काय केलं, तेही ऐका. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे. साताऱ्याहून, कोकणातून गेलेला माणूस तिथे एका बेरजेत गेला. आज पराक्रमाच्या नावाने रोज छाती फुगवणाऱ्यांपैकी किती जणांनी हा आकडा पुसून नाव लिहा अशी मागणी केली?

पराक्रमाबरोबर दुसरंही वाचायची तयारी हवी. १९२० साली इराकी लोक इंग्रजांच्या ताब्याविरुद्ध उठले, तो उठाव मोडायला हिंदुस्थानातूनच फौजा नेल्या. हिंदी शिपाई तिथे मेला, आणि दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी त्याने मारलंही. इराकी माणसाला हे आठवतं. आपल्या शाळेतल्या मुलांना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

रोगन यांच्यावरही माझा एक आक्षेप आहे. त्यांची नजर कैरो, दमास्कस, बैरूत, बगदादवर खिळलेली. हिंदी महासागराची बाजू त्यांच्याकडे तोकडी पडते. एडन १८३९ ते १९३२ मुंबई सरकारच्या कारभारात होतं. वासुदेव बळवंत फडक्यांना १८८० साली तिथल्या तुरुंगात नेलं, ते निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. आखाती देशांत रुपया कितीतरी वर्षं चालला. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेल्या जमादारांच्या घराण्याने परत जाऊन तिथे राज्य स्थापलं, ते १९६७ पर्यंत टिकलं.

सगळ्यांत जवळचं तर आपल्या दाराशी आहे. हा दुर्गचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि भोसल्यांच्या फौजेत अरब होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांवर सगळ्यांत कडवा हल्ला त्यांनीच चढवला. राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही त्यांनी नागपूर शहर सोडलं नाही. डिसेंबरअखेर अटी ठरवून मगच बाहेर पडले. आपल्या राज्यासाठी इतक्या उशिरापर्यंत लढलेल्या या माणसांचं भोसल्यांच्या वंशजांच्या मुलखात कुठे नाव घेतलं जातं?

ही बाजू ऑक्सफर्डहून कुणी लिहून देणार नाही. मोडी वाचणारे, नागपूरचे कागद धुंडाळणारे, मुंबई सरकारची दप्तरं चाळणारे आपल्यात आहेत. हे काम त्यांचं. प्रकाशकांनी रोगन यांची दोन्ही पुस्तकं मराठीत आणावीत, पदनामांसाठी आणि गावांच्या उच्चारांसाठी अरबी जाणणारा माणूस सोबत घ्यावा. अनुवादाचा खर्च परवडत नाही हे कारण मला पटत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात, त्यातल्या एकीचा नफा इकडे वळवा.

छत्तीसगडातल्या मराठी मंडळांना तर अनुवादाचीही वाट पाहायला नको. येत्या २९ एप्रिलला, कुत पडलं त्या तारखेला, संध्याकाळी कुतचं प्रकरण वाचा, इंग्रजी पुस्तक हातात घेऊन मराठीत सांगत जा. बाहेरून वक्ता बोलवू नका, इथले निवृत्त शिक्षक ते छान करतील. आणि निमंत्रणात एक ओळ घाला: ज्यांच्या घरी पणजोबांचं मेसोपोटेमियाचं पदक, पेन्शनचा कागद किंवा पत्र असेल त्यांनी ते सोबत आणावं. दारातच एका मुलाला फोटो काढायला बसवा, पलटणीचा क्रमांक, गाव आणि पूर्ण नाव वहीत उतरवून घ्या.