घोडीवरचा बोरिवलीकर

बोरिवलीचा नवरदेव भित्रा असतो, असं म्हणणाऱ्याने कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास बोरिवली स्टेशनवर उभं राहून दाखवावं. गाडी पुरती थांबायच्या आत हा आत शिरलेला असतो, आणि शिरता आलं नाही तर दारातल्या दांड्याला चार बोटं अडकवून, एक पाय फळीवर आणि दुसरा परमेश्वराच्या भरवशावर ठेवून अंधेरीपर्यंत जातो. वर मोकळ्या हाताने मोबाइलवर ऑफिसच्या मेलला उत्तरंही देतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जिवाला मुकतात, हे त्याला माहीत असतं. त्यासाठी त्याने कधी नारळ फोडलेला नाही. हाच गृहस्थ लग्नाच्या संध्याकाळी, अंधेरीतल्या हॉलपासून हाकेच्या अंतरावर, बेंजो पार्टीच्या मागे गुपचूप उभ्या असलेल्या एका घोडीकडे बघतो आणि फेटा सावरत मामाच्या कानाशी लागतो, "मामा, ही चावत नाही ना?" दारात लटकून जो वेग तो रोज अंगावर घेतो, त्याच्या विसाव्या हिश्शानेही ही घोडी चालणार नसते. पुढे नाचणारे मावसभाऊ तिला तेवढं जमू देणारच नसतात. मग भीती कसली?

पहिला संशय उंचीवर जातो. खोगीर जमिनीपासून पाचेक फुटांवर, म्हणजे वर बसलेल्याचे डोळे आठ फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीवर केबलच्या लोंबत्या वायरी आणि नगरसेवकाचे वाढदिवसाचे फलक थेट तोंडावर येतात हे खरं. पण हा माणूस चिकूवाडीत चौदाव्या मजल्यावर राहतो आणि गॅलरीच्या कठड्यावरून वाकून वाळत घातलेला टॉवेल काढतो. उंचीचं भय त्याला असतं तर घरात टॉवेल उरले नसते. दुसरा संशय जनावरावर. तोही टिकत नाही, कारण गल्लीतल्या सहा कुत्र्यांमधून रात्री साडेअकराला तो रोज शांतपणे घरी येतो. माझं म्हणणं असं, की हा माणूस घोडीला घाबरतच नाही. तो घाबरतो हाताला काम नसण्याला. उपनगरात वाढलेल्या माणसाचं सगळं शिक्षण मुठीत असतं. दांडा पकडला तर वाचलो, कडी सुटली तर गेलो, स्कूटरचा ब्रेक आपल्या बोटांत, रिक्षात बसल्यावरसुद्धा समोरची आडवी सळई आपल्या हातात. घोडीवर मात्र लगाम घोडेवाल्याच्या हातात, वेग बेंजोवाल्याच्या हातात, रस्ता मामाच्या हातात, आणि नवरदेवाच्या हातात कोंबलेला एक नारळ. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याकडून काहीही अपेक्षित नसतं. शिवाय सगळं गाव त्याच्याकडे बघत असतं. ज्याला ऑफिसात पाच मिनिटं रिकामं बसलेलं दिसायला नको वाटतं, त्याला पाऊण तास रिकामं बसलेलं दाखवत फिरवायचं, ही शिक्षा लहान नाही.

आता ही घोडी कोण, हे त्याने कधी नीट पाहिलेलंच नसतं. मागच्या बाजूने जाऊ नये एवढं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं आणि तो सगळ्याच बाजूंनी जात नाही. जवळ जाऊन तिच्या नाकपुडीभोवतीची कातडी बघावी. ती गुलाबी असेल तर घोडी नुकरा म्हणायची, जन्मापासून पांढरी. कातडी काळसर असेल तर गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे. अशी घोडी जन्मतः काळपट किंवा तपकिरी असते आणि वर्षागणिक पांढरी होत जाते. म्हणजे पांढरीशुभ्र झालेली घोडी ही पोक्त घोडी. हिने पावसाळे पाहिलेत, बॅंडवाले पाहिलेत, आणि मुलुंडपासून भाईंदरपर्यंतचे घाबरलेले नवरदेव पाठीवरून वाहिलेत. तिथे उभ्या असलेल्या दोघांपैकी लग्नाचा अनुभव फक्त एकीलाच आहे, आणि तरी धीर दुसऱ्याला दिला जातो. तिचा मागचा एक पाय गुडघ्यात जरासा मोडून खुराच्या टोकावर टेकवलेला दिसतो. नवरदेवाला वाटतं, ही लाथ मारायची तयारी. वस्तुतः घोडे उभ्याने डुलकी काढतात तेव्हा एक मागचा पाय असा सैल सोडतात. ज्या क्षणी याच्या छातीत धडधडतंय, त्या क्षणी ती झोपलेली आहे. कान मात्र चालू. एक कान बेंजोकडे, दुसरा घोडेवाल्याकडे. दोन्ही कान मागे चपटे झाले तर ती चिडली समजावं. तोवर ती कामावर आहे, एवढंच.

मंडळी मात्र यातलं काही सांगत नाहीत. ती सांगतात, "घाबरू नकोस हं, घोडीला लगेच कळतं." धीर देण्याच्या जगातल्या सगळ्या पद्धतींत ही सर्वांत वाईट, कारण आता त्याला भीतीचीही भीती वाटू लागते. दुर्दैवाने हे विधान खरं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं घोड्यावर बसून किंवा घोडा हाताने धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, पुन:पुन्हा. शेवटच्या फेरीआधी माणसांना सांगण्यात आलं, की या खेपेला वाटेत घोड्यासमोर छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. बिचाऱ्या घोड्यांना छत्रीचा पत्ताही नव्हता. यावरून नवरदेवाचा मामा निष्कर्ष काढतो, की पोराने घाबरता कामा नये. मी उलटा काढतो. घाबरू नकोस म्हटल्याने कोणाची भीती गेल्याचं उदाहरण नाही, आणि मुंबईकराला तर छत्री उघडेल की नाही याची चिंता आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. म्हणून त्या रिकाम्या हातांना काम द्यावं, मन आपोआप मागून येतं. आयाळ संपते तिथे खांद्यांच्या वर एक उंचवटा असतो. घोडे एकमेकांना तिथे दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हेही मोजून पाहिलेलं आहे. नारळ भाच्याच्या हाती द्यावा आणि बोटांनी तिथे खाजवत बसावं. घोडी निवते. हाताला उद्योग मिळाल्यामुळे बोरिवलीकरही निवतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय रुबाबात बसलाय!

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की भीती अगदीच निराधार नाही, घोड्या उधळतात. उधळतात, मान्य. हे जनावर मुळात शिकार होण्याच्या बाजूचं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना, कपाळासमोरचा थोडा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, आणि न समजणारं काही दिसलं की आधी पळायचं, मग विचार करायचा, हे त्याचं हाडीमाशी मुरलेलं धोरण. पण वरातीत घोडी कशाने उधळते, याचा तपास करावा. तिच्या पायाशी हजाराची माळ कोण लावतो? नवरदेवाचा आत्तेभाऊ. पिचकारीसारखा उडणारा कागदी चुरा तिच्या डोळ्यांत कोण उडवतो? त्याच आत्तेभावाचा मित्र. शेपटीला धरून सेल्फी कोण काढतं, हे नाव घेऊन सांगण्यात अर्थ नाही, घरचंच माणूस आहे. तेव्हा भ्यायचंच असेल तर नवरदेवाने नातेवाइकांना भ्यावं. तिथे कारण आहे, पुरावा आहे, पूर्वेतिहासही आहे. अलेक्झांडरची गोष्ट सगळ्यांना शाळेत कळते. बुसेफलस नावाचा घोडा कोणाला पाठीवर बसू देत नव्हता, पोराच्या लक्षात आलं की तो स्वतःच्याच सावलीला बुजतो, त्याने त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं आणि स्वार झाला. ही युक्ती अंधेरीत चालायची नाही. डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी चालतात, मागून जनरेटरच्या हातगाडीवरचा हॅलोजन, समोर बेस्टच्या बसचे दिवे; घोडीच्या चहूबाजूंना तिच्याच सात-आठ सावल्या नाचत असतात. तोंड वळवायचं कुठे? तरीही ती चालते. बुसेफलसपेक्षा तिचं कौतुक कमी का, ते ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्या प्लुटार्कला विचारायला हवं.

दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा. ते म्हणतात, इतका त्रास कशाला, घोडी आपली नव्हेच, ती पंजाब्या-गुजरात्यांची, हिंदी सिनेमातून आली. मुलुंड-घाटकोपरात शेजारच्या सोसायटीतल्या वराती बघून आपल्या पोरांना हौस सुटली, एवढं त्यात खरं. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून मांडवात येतो, ही रीत जुनी. उसनवारी झाली असेल तर तोंडावर सोडलेल्या सेहऱ्याची आणि त्या घट्ट चुडीदाराची, ज्यात मांडी घालताना उसवण्याचा आवाज येतो. कपाळाला मुंडावळ्या आणि खाली चुडीदार, ही युती घोडीला मान्य असते, शिवणीला नसते. 'मग उघडी मोटार घ्या', असा सल्ला मिळतो. मोटारीतून उतरणाऱ्या माणसाकडे मात्र अंधेरीत कोणी वळून बघत नाही. मोटारीतून तो कर्जाचे हप्ते भरायलाही जातो. घोडीवर बसण्याला समाजात काय किंमत आहे, हे ज्यांना बसू दिलं जात नाही त्यांना विचारावं. राजस्थानात, गुजरातेत दलित नवरदेवाला घोडीवरून उतरवल्याच्या बातम्या अजून येतात आणि काही वराती पोलीस बंदोबस्तात निघतात. त्या नवरदेवाला घोडीवर चढताना जे लागतं त्याला धैर्य म्हणावं. बोरिवलीकराचं प्रकरण पोटातल्या फुलपाखरांपुरतं आहे आणि त्याने ते तेवढंच मानावं.

तिसरा आक्षेप घोडीच्या बाजूने येतो, आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या त्या उगीच नव्हे. डांबरी रस्ता, कलकलाट, तासन् तास उभं राहणं, हे कोणत्याही घोड्याला सुखाचं नाही. वरातीच्या घोड्यांना आवरण्यासाठी काही ठिकाणी काटेरी लगाम वापरतात. त्यात तोंडातल्या लोखंडाला टोकं असतात आणि ती ओठांत, जिभेत रुततात. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्र सरकारच्या नियमांत या काट्यांना बंदी आहे, म्हणजे त्या नियमांनी साठी गाठली तरी काटे तोंडात आहेतच. म्हणून माझी सूचना आहे, की चढण्याआधी नवरदेवाने घोडेवाल्याला लगाम दाखवायला सांगावं. काटे दिसले तर बसू नये, पायी जावं, मामाला काय सांगायचं ते सांगावं. नसतील तर तिच्या ओठांवर हात ठेवून बघावा. मखमलीसारखा हा शब्द इथे लेखकांनी इतका वापरलाय की मी टाळतो; गरम आणि ओलसर असतात, आणि वरच्या ओठाने ती बोटं चाचपून खायला काही आहे का ते बघते. या चौकशीत दोनच मिनिटं जातात, पण आत जाणारा माणूस आणि बाहेर येणारा माणूस एक नसतो. ज्या जनावराच्या दुखण्याची आपण विचारपूस केली त्याची भीती वाटत राहणं फार अवघड आहे. डॉक्टर मंडळी याच आधारावर नोकरी करतात.

मग चढणं. हॉलमधून प्लास्टिकची खुर्ची येते, डावीकडे ठेवली जाते, कारण घोड्यावर डावीकडून चढायचं. हा दंडक डाव्या कमरेला तलवार लटकवणाऱ्यांचा आहे, मोबाइल लटकवणाऱ्यांनी तो तसाच पुढे चालवला. मोजडी रिकिबीत घुसत नाही, घुसली की निघत नाही. "गाय है साब, गाय," असं घोडेवाला म्हणतो, पुढ्यात भाचा बसवला जातो, आणि बेंजो सुरू होतो. पहिली वीस पावलं नवरदेवाचे खांदे कानांना चिकटलेले असतात. मग घोडी एकदा मान खाली घालून फुरफुरते, तिच्या पाठीच्या हालण्याला याची कंबर आपोआप साथ देऊ लागते. अंधेरी-कुर्ला रोडवर असेल तर वरून घाटकोपरची मेट्रो जाते आणि खिडक्यांतून शे-दोनशे मोबाइल याच्यावर रोखले जातात. इथे काहीतरी बदलतं. न करता सवरता बघितलं जाण्यात एक सुख असतं, हे त्याला उमगतं. लग्नाआधीच्या शेवटच्या पाऊण तासात उमगतं, हे थोडं उशिराच. आता तो हात हलवू लागतो. मागच्या बेस्टच्या बसमधले प्रवासी शिव्या देतात, त्यांनाही हलवतो. मामा मधेच येऊन विचारतो, "बरा आहेस ना रे?" तर हा मामालाच सांगतो, "मामा, जरा बाजूने चाला, तिला बिचकवू नका."

हॉलच्या दारात सासूबाई ओवाळायला उभ्या. सगळ्यांना घाई. दहानंतर बेंजो वाजवता येत नाही, गुरुजींचा मुहूर्त मघाच टळला, आणि घोडीला साडेनऊला पुढच्या वरातीसाठी पंतनगरात पोचायचं आहे. नवरदेव उतरायला तयार नाही. "अजून एक चक्कर?" असं तो हळूच विचारतो. घोडेवाल्याने हा प्रश्नही पूर्वी ऐकलेला असतो, तो खुर्ची पुढे सरकवतो आणि बक्षिसीसाठी हात पुढे करतो. शेरवानीला खिसा नसतो. पाकीट मामाकडे असतं आणि मामा बेंजोच्या पुढे, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून नाचत असतो.