हळहळीचा पुडा

साठे बिस्किटं पुण्यात बनत होती, त्या काळी ती पाहुण्यांसाठी फळीवर वर ठेवलेली असत. घरच्या पोरांच्या वाट्याला चुरा. आज मात्र प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एखादे काका भेटतातच, ज्यांचं सगळं बालपण म्हणे त्या बिस्किटांवर पोसलं गेलं!

विलेपार्ल्याचं तर विचारूच नका. १९२९ सालचा पार्लेचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि स्टेशनात गाडी शिरताना येणारा तो गोड, खरपूस वास गेला म्हणून निम्म्या उपनगरांनी उसासे टाकले. बिस्किट कुठे गेलं होतं? ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आहेच, चहाच्या टपरीवरही आहे. पण नाकाने रडणारी ही मंडळी तोंडाने मैदा, साखर आणि पामतेलाचा हिशेब मांडतात आणि नातवाच्या हातात नाचणीची कुकी ठेवतात. (त्या बिचाऱ्याने पुढे कशाची आठवण काढायची?)

गोळ्यांचीही तीच कथा. पार्लेची रोला-कोला बंद झाली होती. २०१९ मध्ये कुणीतरी ट्विटरवर ती मागितली, कंपनीने दहा हजार रीट्वीटची अट घातली, लोकांनी ती हां हां म्हणता पुरी केली आणि गोळी खरंच बाजारात परतली. अंगठा हलवायला पैसे पडत नाहीत, गोळीला पडतात.

तेव्हा हळहळवीरांनो, आवडता पुडा अजून मिळतोय तोवर तो विकत घ्या. मागाहून श्रद्धांजली लिहीत बसू नका.