शेवटचा तोडा झाला, आता वांगी उपटा

होळीच्या सुमाराला वांग्याचा भाव उतरतो आणि आमच्या कृष्णाकाठी माणसं वांग्याकडे पाठ फिरवतात. तोडणीची मजुरीही पट्टीतून सुटत नसेल तर कोण तोडेल? इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. पाणी बंद होतं, फवारणी बंद होते, झाडं मात्र उभीच राहतात. पाडवा होतो, वळवाचे ढग दिसू लागतात, तरी ती उभीच.

शेजारच्या अण्णांना मी विचारलं, "अण्णा, वांगी काढायची ना आता?" ते म्हणाले, "राहू द्या की, निघतील चार-दोन घरापुरती." या चार-दोन वांग्यांपायी माझा उन्हाळी वांग्याचा प्लॉट जातो.

शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीची रीत समजून घेतली की माझा राग का आहे ते कळेल. दुपारच्या उन्हात सगळीच झाडं मलूल दिसतात. संध्याकाळी बाकीची टवटवीत होतात, पण एखादा शेंडा मान टाकून तसाच राहतो. तो चिरून पाहा. आत पोकळ नळी, काळपट विष्ठा आणि फिकट गुलाबी अळी सापडते. एकदा ती आत शिरली की वरून कितीही महागाचं औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. फळं लागली की ती फळात जाते. एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी उडू लागते. अळी कोषात जाते ती झाडाखालच्या पाल्यापाचोळ्यात. म्हणजे सोडून दिलेल्या प्लॉटमध्ये तिला खायला फळ आहे, कोषाला पाचोळा आहे आणि हटकणारं कुणी नाही.

मला सांगतात, कामगंध सापळे लावा. लावलेले आहेत, ल्यूरही वेळेवर बदलतो. पण त्या गंधाला नर भुलतो. शेजारून मीलन होऊन आलेल्या मादीला सापळ्याशी काही देणंघेणं नसतं, ती सरळ माझ्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. या अळीवरचा दुसरा उपाय म्हणून बीटी वांग्याचं नाव निघतं, पण त्यावर २०१० सालापासून स्थगिती आहे. त्या वादात मी पडत नाही. झाडं उपटायला कुठल्या परवानगीची गरज नाही.

मग बांधाची गोष्ट. किडके शेंडे खुडून लोक बांधावर भिरकावतात, सडकी वांगीही तिथंच. शेंडा सुकला की अळी बाहेर येते आणि बांध ओलांडते. काही जण झाडं उपटतात, पण सरपणाला म्हणून बांधालाच रचून ठेवतात. त्या ढिगातूनही पतंग निघतात. काढलेलं पीक शेतात ठेवलं तर ते काढलं असं मी मानत नाही.

टोमॅटोचंही हेच. २०१४ मध्ये पुण्याकडे टूटा नागअळी पहिल्यांदा नोंदली गेली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते, फळातही शिरते. तारकाठी सोडवून नेतात आणि वेल जमिनीवर लोळत ठेवतात. तिला आणखी काय हवं?

बाजारात याची किंमत कोण भरतं? क्रेटच्या वरच्या थरात एका वांग्याला टाचणीएवढं छिद्र दिसलं की सगळा क्रेट दोन नंबरात जातो. हमाली, तोलाई, गाडीभाडं मात्र एक नंबरचंच कापतात. ज्यांच्या प्लॉटात ती अळी वाढली, त्यांच्या पट्टीत यातला रुपयाही दिसत नाही.

म्हणून बांधाला बांध असलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. शेवटचा तोडा झाला की त्याच आठवड्यात झाडं मुळासकट उपटा. किडकी फळं खोल खड्ड्यात गाडून वर माती दाबा. पाचोळा गोळा करा, नांगरट करून रान उन्हात तापू द्या आणि वांग्यामागं लगेच वांगं घेऊ नका. सरपण हवंच असेल तर उपटलेली झाडं मळ्यात रचू नका, आधी घरी न्या आणि लवकर जाळून संपवा. मजूर मिळत नसतील तर मला हाक मारा, मी येतो उपटायला.