सोबत हसण्याची कारणे जोडली आहेत

प्रति,
पहाटे बागेत गोल करून विनाकारण हसणारी समस्त मंडळी,
जिथे कुठे बाग असेल तिथे.

विषय : हसण्याच्या कारणांचा पुरवठा करण्याबाबत.

स. न. वि. वि.

आपल्या चळवळीचा इतिहास सोलापुरात नुकताच वाचला गेला आणि शहराला फार वाईट वाटले. 13 मार्च 1995 रोजी मुंबईत लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब काढला. एकाने मधे उभे राहून विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचे, असा साधा कारभार होता. पण दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरले ते चावट, नाहीतर कुणाच्या तरी वर्मी लागणारे. कुरबुरी सुरू झाल्या. मग डॉक्टरांनी तोडगा काढला : विनोदच नको, नुसते हसायचे. खऱ्या हसण्यातला आणि ओढूनताणून आणलेल्या हसण्यातला फरक शरीराला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. तोडगा जगभर गेला. मे महिन्याचा पहिला रविवार आता जागतिक हास्यदिन म्हणून पाळला जातो.

दोन आठवडे! अहो, सोलापूरला एक पोस्टकार्ड टाकायचे होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रोज रात्री मुंबईला निघते. तिच्यातून आठवड्याची कारणे आठवड्याला पोचती झाली असती. असो. उशिरा का होईना, एक गाठोडे पाठवले आहे, ते सोडून घ्यावे.

गाठोडे ज्यात बांधले आहे ते आधी पाहा. ती चादर. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो, दुपारी कुत्रीसुद्धा सावली बदलत हिंडतात, त्या शहराने नाव काढले ते अंगावर पांघरायच्या जाड जकार्ड चादरीत. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोलापूरकर परगावी कुठेही गेला तरी ‘येताना चादर आणायची की’ हे वाक्य त्याच्या आधी स्टेशनवर उभे असते. जोडीला टॉवेल. तो निदान घाम पुसायला तरी उपयोगी पडतो.

गाठोड्यात सगळ्यात वर ठेवले आहे ते शहराचे नाव. सोळा गावे एकत्र आली म्हणून सोलापूर, हे इथल्या पोराला बाराखडीआधी कळते. अभ्यासक मान हलवतात. बाराव्या शतकात, गावाचे दैवत सिद्धरामेश्वर यांच्या काळात, या गावाला सोन्नलगी म्हणत, शिलालेखांतही तसेच सापडते, तेव्हा सोळाचा काही संबंध नाही, असे त्यांचे मत. वादाला खरी मजा येते ती सोळा गावांची यादी काढल्यावर. आदिलपूर, फत्तेपूर, जामदारवाडी, राणापूर अशी नावे वाचत खाली आले की तेराव्या-चौदाव्या क्रमांकाच्या सुमारास लागते सोलापूर. म्हणजे सोलापूर ज्या सोळा गावांचे बनले, त्यांतले एक सोलापूरच. आणि त्याच्याच खाली सोनलगी. वादी आणि प्रतिवादी एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेले. पुढे इंग्रजांनी त्यात एक जास्तीचा ‘एच’ घालून शोलापूर केले, पण एवढ्या गर्दीत त्याच्याकडे कोण बघतो?

तेवढ्याने हसू आले नाही तर गावातून एक फेरी मारावी. नवी पेठ म्हातारी झाली तरी नवीच आहे. 1877 मध्ये उभी राहिलेली गिरणी पुढे बंद पडली, तिचा भोंगा गेला, पण तो भाग अजून जुनी मिलच. शहर दक्षिणेला वाढले त्या वसाहतीला नाव दिले जुळे सोलापूर. आठशे-नऊशे वर्षांच्या गावाला परवा झालेले जुळे भावंड! जगात कुठल्या सुईणीने असे बाळंतपण केले नसेल.

आता ‘बे’. हे जपून हाताळावे.

पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला सात रस्ता चौकात उतरल्याबरोबर वाटते की इथे भांडण जुंपले आहे. एक जण मोटारसायकल थांबवतो, दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घालतो आणि ओरडतो, ‘काय करलालास बे?’ दुसरा तितक्याच जोरात, ‘काय नाही बे! तू कुठं जालालास?’ ‘हितंच बे.’ आणि दोघे हसतात, पोट धरून. पाहुणा वाट बघत राहतो. भांडण होत नाही आणि विनोदही कुठे सापडत नाही. चहा येतो, तो अर्धा अर्धा होतो, पुन्हा दोनदा ‘बे’ होते, पुन्हा हसू. यात हसण्यासारखे काय होते, असे त्या दोघांना विचारले तर त्यांनाही सांगता येणार नाही.

सांगता येणारही नाही, हे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या एका मानसशास्त्रज्ञाने मोजून दाखवले आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून बाजारात, रस्त्याच्या कडेला लोक नेमके कशानंतर हसतात, याच्या 1200 नोंदी केल्या. विनोद म्हणावा असे काही ऐकून आलेले हसू 10 ते 20 टक्केच भरले. बाकीचे सगळे ‘बरं, निघतो आता’ छापाच्या अगदी फुटकळ वाक्यांवरचे. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो आणि एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसपट हसतो, असेही निघाले. आपल्या मंडळींनी विनोद संपले म्हणून घाबरायचे कारण नव्हते. विनोदांवर आपले फार थोडे चालले होते. सोलापूरला हे प्रोव्हाइन यांच्याआधी ठाऊक होते, पण इथे कुणी नोंदी ठेवत नाही.

‘बे’ वापरण्याचे नियम मात्र कडक आहेत. मित्राला चालतो, धाकट्या भावाला चालतो. वडिलांना नाही, मास्तरांना नाही, सासऱ्याला तर नाहीच. त्यात तो वाक्याच्या शेपटाला लागणारा ‘की’ मिसळतो : ‘ये की बे’, ‘बस की’, ‘आलं की’. पूर्व भागात विणकर पद्मशाली घरांतली तेलुगू, बाजारात दख्खनी उर्दू, देवळाच्या आवारात कानडी, आणि सगळ्यांवरून मराठीचे पांघरूण. एकच माणूस भाव एका भाषेत पाडतो, बेरीज दुसरीत करतो आणि चिडला की तिसरीत शिरतो. ‘करतो आहेस’चे ‘करलालास’ कसे झाले, हे भाषातज्ज्ञ बघून घेतील. एवढे खरे की ते म्हणताना जीभ जराशी घसरते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा सैल होतो.

गाठोड्यातला जडसर नग म्हणजे विमानतळ. त्याची हकिगत मराठीखेरीज कुठल्या भाषेत सांगता यायची नाही. इतर गावांत विमानाच्या वाटेत पक्षी येतात, सोलापुरात चिमणी आली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी होती. ती असेपर्यंत विमान नाही, असे एका बाजूचे म्हणणे. ती पाडली तर उसाचे काय, असे दुसरीचे. कित्येक वर्षे पानाच्या टपऱ्या या एका विषयावर चालल्या. अखेर 15 जून 2023 रोजी चिमणी जमीनदोस्त झाली. चिमणी उडाली, विमान मात्र आणखी दोन वर्षे उडाले नाही. जून 2025 मध्ये नियमित सेवा सुरू झाली तेव्हा गावाने मुंबईच्या दिशेला माना वळवून ठेवल्या होत्या, आणि विमान निघाले गोव्याला. मुंबईचे विमान पुढे काही महिन्यांनी आले. ‘कुठं जालालास बे?’ या प्रश्नाला इतके अनपेक्षित उत्तर आजवर कुणी दिले नव्हते. कारखान्याच्या सभासदांसमोर हे कारण काढू नये. त्यांना ते दृश्य हसण्यासारखे नव्हते, आणि ते बरोबरच आहे.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी तळाशी आहे. इथे शेंगा म्हणजे शेंगदाणे. शेवग्याची वाट बघू नये. भाकरी पापडासारखी वाजते, बरेच दिवस टिकते आणि रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचला मोडली तर अख्खा डबा उठतो.

या मालावर शहराचा हक्क कुणी विचारला तर द. मा. मिरासदारांचे नाव सांगावे. ते जन्मले 1927 मध्ये अकलूजला, याच जिल्ह्यात. त्यांच्या कथांतली माणसे विनोद सांगत नाहीत. ती पारावर बसून थापा मारतात, चौकशा करतात, नको तिथे नाक खुपसतात. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्याबरोबर ते गावोगाव कथाकथनाला जात तेव्हा समोरचे लोक हसत ते आपल्याच शेजाऱ्याला ओळखून. आपल्या क्लबात पहिल्या पंधरवड्यातच एखादा असा चौकस शेजारी मधे उभा केला असता तर पुढचे सगळे टळले असते.

शेवटचा नग सगळ्यात नाजूक. तो पाठवता येत नाही, इथे येऊनच पाहावा लागतो. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर. तिथून निघालेले पाणी सोलापुरातल्या नळाला रोज भेटत नाही. मधे तीन, चार, कधी पाच दिवस जातात. त्यामुळे इथली तिथी पंचांगावर नाही, नळावर चालते. पाहुण्याला जेवायला बोलावण्याआधी बाई मनात मोजते : आज, उद्या, परवा... परवा या. पहाटे चारला गल्लीत पहिली मोटार घरघरली की दिवे एकामागून एक लागतात. भिंतीपलीकडून हाक येते, ‘काकू, आलं का?’ इकडून उत्तर, ‘आलं की!’ काय आले, हे कुणी बोलत नाही, बोलायची गरज नाही. नवा जावई माडीवर झोपलेला असतो. तो दचकून विचारतो, ‘कोण आलं?’ सासूबाई हंडा खाली ठेवतात, पदर तोंडाला लावतात आणि भिंतीपलीकडे निरोप जातो. सकाळी सातपर्यंत ते वाक्य गल्लीच्या टोकाला पोचलेले असते. जावई दहा वर्षांनी येवो, दाराशी पाऊल टाकताच पोरे ओरडतात, ‘कोण आलं?’

पाणी रोज यावे अशी मागणी शहर करते, आणि ती रास्त आहे. पहाटे चारला हंडे भरणाऱ्या बाईला हास्यक्लबची हौस नसते. पण ती हसते, हे मात्र कुणीही भिंतीला कान लावून तपासून घ्यावे.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सवडीने या. येताना नेहमीचा ‘हा हा, हो हो’ घरी ठेवला तरी चालेल. उतरायची सोय होईल, चहा अर्धा अर्धा मिळेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले,
समस्त सोलापूरकर

ता. क. : चादर परत पाठवायची झाल्यास तिकडूनच धुऊन पाठवावी. इथे पाणी परवा आहे.