रविवारी वारज्याहून पूर्वेकडे

रविवारी सकाळी निम्मं पुणं पश्चिमेकडे सुटलेलं असतं. कुणाला सिंहगड चढायचा असतो, कुणाला खडकवासल्याला कणीस खायचं असतं, आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नसतं ते एनडीए रस्त्यावर वाहतूक अडवून या सोहळ्यात भाग घेतात. या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने, वारज्यातून पूर्वेकडे, इस्त्रीच्या कपड्यांतलं एखादं कुटुंब दुचाकीवरून निघालेलं दिसेल. पुढे मुलगा उभा, मागे आई, आईच्या पिशवीत पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. नगरहून (कागदोपत्री आता अहिल्यानगर), जालन्याहून नाहीतर मिरजेहून नोकरीसाठी आलेली ही माणसं. पॉप्युलर नगरात किंवा गणपती माथ्याजवळ भाड्याचं घर मिळालं, गॅस आला, दूधवाला ठरला, मुलाला शाळा मिळाली. राहिली ती मंडळी, म्हणजे रविवारी जाऊन बसायचं चर्च. म्हणून हा रविवार कॅम्पात, पुढचा गुरुवार पेठेत, त्यापुढचा खडकीत. माझं म्हणणं एवढंच, की ही वणवण थांबवावी आणि घरापासून सगळ्यात जवळ जी मंडळी भरते तिथे जाऊन बसावं. पंथ नंतर बघता येतो. हे ऐकून नगरकडच्या एखाद्या जुन्या सभासदाला ठसका लागेल, पण मी त्यांच्याच आजोबांना साक्षीला बोलावणार आहे.

मुळात हा प्रवास पूर्वेकडेच का होतो ते आधी पाहू. पुण्यातल्या जुन्या चर्चचा नकाशा प्रेषितांनी आखलेला नाही, पलटणींनी आखलेला आहे. क्वार्टर गेटजवळच्या चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली ती आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांची सोय म्हणून. खडकीची लढाई १८१७ मध्ये झाली, इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला छावणी टाकली, आणि १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी सेंट मेरीज चर्चचं समर्पण केलं तेही गोऱ्या सोल्जरांसाठी. कॅथलिक सोल्जरांचं सेंट पॅट्रिक्स १८५० चं. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय १८८५ चं आणि शहरातल्या माणसांसाठी बांधलेलं, तेवढा अपवाद मानू. पश्चिमेला यायचं तर हा जुना नकाशा कर्वे रस्त्यावरच्या सेंट क्रिस्पिन्सपर्यंत येऊन दमतो. वारजं तेव्हा मुठेकाठचं शेतीचं गाव होतं, महापालिकेत आलं ते १९९७ मध्ये. तिथे पलटण नव्हती, म्हणून जुनी घंटाही नाही. तेव्हा ‘चांगली चर्च सगळी लांब आहेत हो’ असं जे म्हणतात ते धर्माविषयी काहीच बोलत नसतात, ब्रिटिश छावणीच्या सोयी-गैरसोयींविषयी बोलत असतात. दर रविवारी पेट्रोल जाळून दहा-बारा किलोमीटर जायचं, ते दोनशे वर्षांपूर्वीच्या सोल्जरांना बराकीतून चालत यायला बरं पडावं म्हणून!

कॅथलिक माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. त्यांच्या कायद्यात पॅरिश ही साधारणपणे हद्दीवर ठरते. तुम्ही ज्या हद्दीत राहता तिथले धर्मगुरू तुमचे. आवडोत, न आवडोत. प्रोटेस्टंट माणसाला मात्र निवडीचं स्वातंत्र्य मिळालं आणि तो वधूपरीक्षेला निघाल्यासारखा चर्च बघत सुटला. गाणी कशी आहेत, प्रार्थना किती लांबते, पंखे चालतात का, दुचाकी कुठे लावायची, प्रवचनाला पाळकबुवा घड्याळ बघतात की नाही. पलीकडची मंडळीही काही कच्ची नसते. उपासना संपली की दारातच उलटतपासणी सुरू होते: जय ख्रिस्त, कुठले तुम्ही? नगरचे? नगरमध्ये कुठले? म्हणजे अमक्यांचे कोण? आडनाव गायकवाड किंवा साळवे असेल तर तपास लांबतो, कारण या आडनावांची अर्धी मंडळी आधीच आत बसलेली असते. मग घरी जाताना गाडीवर निकाल लागतो, की सगळं बरं आहे, पण ‘आपल्यासारखं’ नाही. या ‘आपल्यासारखं’मध्ये सगळी मेख आहे. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आमची परंपरा वेगळी आहे.’

ही परंपरा आली कुठून? अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत उतरलं आणि १८३१ मध्ये नगरला पोचलं. ते काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीचा कारभार मंडळीनेच करायचा. त्यामुळे नगरकडच्या माणसाला आजही सभा, ठराव आणि उपठराव यांशिवाय रविवार पुरा झाल्यासारखा वाटत नाही. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन. छापील उपासनाक्रम, गुडघे टेकणं आणि बिशप. जालन्याकडे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, आणि त्यांच्या वतीने नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल हे गाव. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकेचे प्रेस्बिटेरियन आणि त्यांचा वॉनलेस दवाखाना. मिशन संस्थांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शक्यतो जाळं टाकायचं नाही. याचा अर्थ सरळ आहे. आजोबा नगरचे म्हणून काँग्रिगेशनल. तेच आजोबा गोदावरी ओलांडून चार तालुके वर जन्मले असते तर प्रेस्बिटेरियन झाले असते आणि आज नातू तितक्याच त्वेषाने त्या परंपरेसाठी भांडला असता. आजोबांनी ख्रिस्त विचार करून निवडला, त्यासाठी पुष्कळांनी गावाचा बहिष्कारही सोसला, त्याबद्दल थट्टा नाही. पण पंथ त्यांनी निवडला नाही. ज्या साहेबाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती त्याचा पंथ त्यांचा झाला. नगर जिल्ह्यात पुढे एस.पी.जी. ही अँग्लिकन संस्थाही उतरली, आणि मग एकाच मुलखात दोन ‘परंपरा’ नांदू लागल्या. कुणी कुठे जायचं याचा निवाडा बहुधा धर्मशास्त्राने झाला नसावा, शाळा आणि मास्तर कुणाचे यावरूनच झाला असावा. थोडक्यात, आपण ज्याला पंथ म्हणतो तो पुष्कळदा आजोबांच्या तालुक्याचा पत्ता असतो. आजोबांनी जवळचं ते पत्करलं. नातवाने वारज्यात तेच केलं तर परंपरा मोडली असं कसं म्हणणार?

यावर जाणकार म्हणतील, की तो वाद १९७० मध्येच मिटला. खरं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय चर्च, आपलं सी.एन.आय., स्थापन झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट असे सगळे एका छपराखाली आले. अमेरिकी परंपरेचे मेथडिस्ट तेवढे ऐनवेळी बाहेर राहिले, कारण मराठी वऱ्हाडात काय किंवा चर्चच्या एकीत काय, कुणीतरी रुसल्याशिवाय कार्याला शोभा नाही. पण एकत्र झाली ती घटना आणि लेटरहेडं. बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यातला तालुका शाबूत राहिला. कवी नारायण वामन टिळकांना हे कितीतरी आधी कळलं होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. दरबारापेक्षा कमिटी जास्त टिकते, हा आपला जुना अनुभव.

आता गंभीर आक्षेप. सगळ्या मंडळ्या सारख्याच, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. उपनगरांत हल्ली शाळेच्या हॉलात, बंगल्याच्या तळमजल्यावर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर मंडळ्या भरतात. त्यांत मनापासून चालवलेल्या पुष्कळ आहेत, आणि काही अशा आहेत की तिथे तुमचं नाव विचारण्याआधी क्यूआर कोड पुढे येतो. जिथे दशांशाच्या बदल्यात फ्लॅट, व्हिसा आणि मधुमेहापासून सुटका यांची हमी मिळते, ती मंडळी तुमच्या जिन्याखाली भरत असली तरी ओलांडून पुढे जावं. हिशेब दाखवतात का आणि प्रश्न विचारलेला चालतो का, या दोन चाळण्या लावाव्या, मग अंतर मोजावं. बाप्तिस्मा बाळपणी शिंपडून घ्यायचा की कळत्या वयात बुडवून, हा प्रश्न मात्र मी चाळणीत धरणार नाही. सी.एन.आय.ने आपल्या घटनेत दोन्ही पद्धतींना जागा दिली आहे, आणि ज्यावर बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन यांनी एका कागदावर सह्या केल्या त्यावर गणपती माथ्याच्या चौकात वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप प्रवचनाचा. जवळच्या चर्चमध्ये बोलणारा रटाळ असेल तर? तर बिघडलं कुठे! उत्तम बोलणाऱ्या पाळकावर भाळून मंडळी धरावी, आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली व्हावी, हे नेहमीचं आहे. पाळक जातात. मागे मंडळी राहते आणि तिची खजिनदाराची निवडणूक राहते. कबरस्तानाचा आक्षेपही येतो, की जुन्या मंडळीत नाव असलेलं शेवटी बरं पडतं. असेल. सोलापूर रस्त्यावरचं सेंट सेपल्कर वारज्याहून लांब आहे हेही कबूल. पण तो प्रवास एकदाच करायचा आहे आणि तेव्हा गाडी आपल्याला चालवायची नाही. एका फेरीसाठी जन्मभराचे रविवार गहाण टाकण्याची गरज नाही.

ज्या आक्षेपापुढे माझी जीभ जरा अडखळते तो गाण्यांचा. नगरच्या माणसाला मराठीत रडायचं असतं. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं तेव्हा त्यांना बाजूला सारायच्या होत्या त्या मिशनऱ्यांबरोबर बोटीने आलेल्या, मराठी शब्द ओढूनताणून बसवलेल्या विलायती चाली. पेटी, तबला, टाळ चर्चमध्ये आले ते त्या खटपटीने. आणि आता उपनगरातल्या हॉलात ड्रम सेट आणि कीबोर्डवर सिडनीची गाणी वाजतात. बोटीने आलेलं घालवलं, ते यूट्यूबवरून परत आलं. घरात तीन पिढ्या असतील तर भांडण ठरलेलं. आजीला राहुरीच्या चालीत भजन हवं, नातीला इंग्रजीत हात वर करून गायचं आहे आणि मधल्या पिढीला साडेदहाला घरी येऊन मटण टाकायचं आहे. इथे मी माघार घेतो, पण अर्धीच. भाषेसाठी काही किलोमीटर द्यावेत. आजीला तिच्या भाषेत गाता येईल अशी मंडळी पेठेत असेल तर आजी आहे तोवर पेठेत जावं. मात्र ‘भाषा’ म्हणताना आपण खरोखर भाषा मोजतोय की गावाकडच्या ओळखी, हे तपासावं. कारण पूर्वेकडच्या मोठ्या चर्चमध्ये मराठी उपासनेला बसून, नगरच्याच चार घरांशी बोलून परत येणारा माणूस पुण्यात आलेलाच नसतो. तो दर रविवारी दहा किलोमीटर जाऊन नगरला जातो.

आणि ज्याच्यासाठी माणूस मंडळी धरतो त्यातलं बरंचसं अंतरावरच टिकतं. डिसेंबरात कॅम्पातली कॅरोल पार्टी थंडीत, गिटार आणि ढोलकी घेऊन, वारज्यापर्यंत येईल? आली तर रात्री दीड वाजता येईल आणि सोसायटीचा वॉचमन तिला गेटवरच धरील. मूल तापलं, बापाला दवाखान्यात हलवलं, तर दहा किलोमीटरवरचे मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, फोनवर प्रार्थना करतात, चांगली करतात. पण रात्री डबा आणून द्यायला शिवण्यातला किंवा कर्वेनगरातला माणूस लागतो. जागेचं महत्त्व पुण्याला चर्चवाल्यांनी शिकवायला नको. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर पुढाऱ्यांपुढे चहा आला आणि शहरात केवढं ग्रामण्य माजलं! प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. त्यात कुणी काय मानतो हे कुणी विचारलं नाही. कुठे बसून काय प्यायलं एवढंच विचारलं. पुणेकरांचा हा निकष मला अजूनही पटतो, फक्त उलट्या बाजूने. उपासना संपल्यावर जिथे चहासाठी थांबता येतं, घरी पोचायची घाई नसते, ती मंडळी आपली.

उरली ती कागदाची गोष्ट. गाव सोडताना जुन्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र घ्यायची रीत आहे. बहुतेक जण ते घेतात, नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि कपाटात ठेवतात, ‘चर्च पक्कं झालं की देऊ’ म्हणून. मग वर्षानुवर्षं नाव नगरला, वर्गणी कुठेच नाही, आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी धावपळ. ते पत्र पहिल्याच महिन्यात जवळच्या मंडळीला देऊन टाकावं. दिल्यावर चर्चा होईल, दोन वडील तुमचे काका त्यांच्या काकांबरोबर बोर्डिंगात होते हे शोधून काढतील, आणि हंगामाच्या सणाला देवळात आणलेल्या नारळ-भोपळ्यांचा लिलाव लागला की वही तुमच्या हातात देतील. साधा नारळ भरमसाट भावाला कुणी घेतला, त्याचे पैसे दिले की पुढच्या रविवारवर ढकलले, हे लिहायचं काम कुणी जुना माणूस घेत नाही. नव्या माणसाचं अजून कुणाशी वाकडं नसतं, म्हणून ते त्याच्याकडे येतं.