पाव ताट भात

आहारतज्ज्ञांच्या ताटावर रेघा मारलेल्या असतात. अर्ध्यात भाज्या नि कोशिंबीर, पावात डाळ, उसळ, अंडं नाहीतर मटण, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. रेघा चांगल्याच आहेत. पण कोल्हापुरात जेवणातला जीव ताटात नसतो, रश्श्याच्या वाटीत असतो. वाटी रिकामी दिसली की भरायची, हा इथला न लिहिलेला कायदा.

मधुमेहाच्या, म्हणजे साखरेच्या खटल्यात मात्र रस्सा जवळजवळ निर्दोष सुटतो. तांबड्यात मटणाचं पाणी, मिरची, मसाला. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. वजनाला आणि काळजाला जड खरा, पण रक्तातली साखर तो फारशी हलवत नाही. हलवतो तो त्यात कालवलेला भात. रस्सा उरला म्हणून भात घ्यायचा, भात उरला म्हणून रस्सा मागायचा, आणि हिशेब काही केल्या जुळत नाही. मिसळीचं तेच. मोड आलेल्या मटकीत प्रथिनं आहेत, तंतू आहेत, कुणीही डॉक्टर शाबासकी देईल. पण जादा कट फुकट मिळतो आणि तो संपवायला ब्रेडचे आणखी दोन स्लाइस लागतात.

ज्वारीच्या नावावरही बरंच खपवलं जातं. भाकरी मैद्याच्या पावापेक्षा उजवी, यात वाद नाही. म्हणून ती औषध समजून चार खायची नसते. शेवटी तीही पिठाचीच. गुळाचे वकील तर गल्लोगल्ली. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण गूळ म्हणजे बहुतांश साखरच, आणि रक्ताला मानांकनाचा कागद वाचता येत नाही.

खरी भानगड मला तालमीत दिसते. 1912 सालच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या या गावात खुराक हा शब्द आदरानं उच्चारतात. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पैलवान ते खायचा आणि पहाटेपासून जोर-बैठका मारून, लाल मातीत लोळून जिरवायचा. राबणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. आम्ही खुराक तेवढा वारशानं घेतला, जोर तालमीत ठेवून आलो. आता जेवणानंतर रंकाळा तलावावर चालायला जातो. ते उत्तमच, जेवणानंतरची साखर त्यानं खरोखर खाली राहते. फक्त तिथं भेळेच्या गाड्या असतात.

देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून 2023 साली पुढं आला. म्हणजे कितीतरी घरांत कुणीतरी कुणाला तरी 'एवढ्यानं काय होतंय' म्हणत असणार. आहाराचा तक्ता एका माणसासाठी लिहितात, जेवतं मात्र सगळं घर, आणि वाढणाऱ्या हाताचा रकाना त्यात नसतो. मी सोपा उपाय धरला आहे: आधी काकडी-कांदा, मग मटण, मग एक भाकरी, भात सर्वांत शेवटी. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की साखर हळू चढते, आणि भातापर्यंत पोचेस्तोवर माणूस निम्मा हरलेला असतो.

हे सगळं मी आत्याला रविवारी नीट समजावून सांगितलं. भाज्या अर्ध्या, भात पाव ताट, त्याच्यावर एक शीत नको. तिनं पदर खोचून शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही वाद घातला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती आत गेली आणि माझं नेहमीचं ताट उचलून भाकरीचं पीठ मळायची परात माझ्यापुढं ठेवली.

"पाव म्हणालास न्हवं?" ती म्हणाली, "मोजून घे."